पाहणारा एक, किंमत देणारा दुसरा

मे महिन्यातील एक दुपार. अमेरिकेतून सुटीवर आलेला भाचा आणि त्याचे दोन मित्र घरी गप्पा मारीत बसले होते. आपल्याकडे या दिवसांत जसा आंब्याचा विषय निघतो, तसा तिकडे उन्हाळी चित्रपटांचा निघतो. शाळा-महाविद्यालयांना सुटी असते आणि मोठमोठे चित्रपट याच हंगामात लागतात. कोणत्या चित्रपटाने पहिल्या तीन दिवसांत किती गल्ला जमवला, कोणता आपटला, याची चर्चा रंगली होती. बोलता बोलता विषय राजकारणाकडे वळला. विषय बदलला, पण भाषा मात्र बदलली नाही. कोणत्या नेत्याची ‘एन्ट्री’ जोरदार झाली, कोणाचा ‘डायलॉग’ गाजला, कोण आता ‘फ्लॉप’ झाला, हेच चालू राहिले. प्रस्तुत लेखकाने हटकले तेव्हा भाचा हसून म्हणाला, “मामा, तुम्ही फार मनावर घेता. आता राजकारण हीच खरी करमणूक आहे. आणि तीही फुकट!”

आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या कानाला ‘फुकट’ हा शब्द टोचतो. जी वस्तू आपल्याला फुकट मिळते, तिची किंमत दुसरा कोणीतरी देत असतो. राजकारणाच्या करमणुकीचे तिकीट नेमके कोण काढतो, हा प्रश्न म्हणूनच विचारणे भाग आहे.

प्रथम चित्रपटाचा हिशेब पाहू. एके काळी अमेरिकेत बहुतेक मोठे चित्रपट आधी मोठ्या शहरांतील मोजक्या चित्रगृहांत लागत. पाहून आलेले लोक इतरांना बरेवाईट सांगत आणि त्या बोलण्याच्या बळावर चित्रपट गावोगावी पोहोचे. उन्हाळा हा तर मंदीचा काळ समजला जाई. २० जून १९७५ रोजी स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा ‘जॉज’ प्रदर्शित झाला आणि हे चित्र पालटले. दूरचित्रवाणीवरून देशभर जाहिरातींचा भडिमार करून तो एकाच दिवशी ४००हून अधिक चित्रगृहांत लावण्यात आला. चित्रपट उत्तम होता, हा भाग वेगळा. व्यापाऱ्यांनी त्यातून घेतलेला धडा मात्र असा की, प्रेक्षकांचा अभिप्राय पसरण्यापूर्वीच तिकिटे खपवता येतात. चित्रपट ही अनुभव घेतल्यावरच जिचे गुण कळतात अशी वस्तू आहे. म्हणून वस्तूपेक्षा तिच्या आगमनाचा गाजावाजा महत्त्वाचा ठरला. अर्थात यात ग्राहक फसला तरी त्याचे नुकसान तिकिटाचे पैसे आणि दोन-तीन तास एवढेच. शिवाय ते त्याचे त्यालाच सोसावे लागते. बाजाराची एवढी शिस्त तरी येथे शाबूत असते.

हेच तंत्र राजकारणात आले की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेनेच घालून दिले आहे. १९९६ सालच्या जुलैमध्ये ‘इंडिपेन्डन्स डे’ नावाचा उन्हाळी चित्रपट आला. त्यात देशाचा अध्यक्ष स्वतः लढाऊ विमानात बसून परग्रहावरील शत्रूवर चाल करतो. त्यानंतर सात वर्षांनी, १ मे २००३ रोजी, अध्यक्ष जॉर्ज बुश वैमानिकाच्या पोशाखात विमानातून ‘अब्राहम लिंकन’ या युद्धनौकेवर उतरले. नौका इराकजवळ नव्हती, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ होती. त्यांच्या मागे ‘मिशन अकम्प्लिश्ड’, म्हणजे कामगिरी फत्ते, असा भलामोठा फलक झळकत होता आणि इराकमधील प्रमुख लढाई संपल्याची घोषणा झाली. ज्यांनी तो चित्रपट पाहिला होता, त्यांना हे दृश्य अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते.

दृश्य संपले, पण युद्ध संपले नाही. अमेरिकन फौजा डिसेंबर २०११ मध्ये इराकमधून परतल्या, तोवर सुमारे ४,५०० अमेरिकन सैनिक मृत्यू पावले होते. त्यांपैकी त्या फलकाच्या दिवसापूर्वी मेलेले दीडशेही नव्हते. इराकी नागरिकांच्या नोंदलेल्या मृत्यूंचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला. ज्या संहारक अस्त्रांच्या नावाने युद्ध पुकारले, ती सापडलीच नाहीत.

आता तिकिटाचा हिशेब पाहा. अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती १९७३ साली बंद झाली होती. त्यामुळे दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या बहुसंख्य कुटुंबांतील कोणालाही रणांगणावर जावे लागणार नव्हते. युद्धासाठी जादा कर तर बसला नाहीच. उलट, त्याच मे महिन्याच्या २८ तारखेला बुश यांनी करकपातीच्या कायद्यावर सही केली. युद्धाचा खर्च कर्ज काढून भागवण्यात आला. पाहणाऱ्याला त्या दिवशी काहीच मोजावे लागले नाही. मोजले ते बगदाद आणि फालुजातील रहिवाशांनी आणि सैन्यात गेलेल्या तरुणांच्या आईबापांनी. उरलेले पुढच्या पिढीच्या नावे लिहिले गेले. माझ्या भाच्याच्या ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ हा असा आहे.

येथे डाव्या विचाराच्या माणसांनी स्वतःलाही तपासून घेणे प्रामाणिकपणाचे होईल. २५ जून २००४ रोजी, पुन्हा ऐन उन्हाळ्यात, मायकेल मूर यांचा ‘फॅरनहाइट ९/११’ हा बुश यांच्या धोरणांवर कठोर टीका करणारा माहितीपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. कान येथील महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. एकट्या अमेरिका-कॅनडात त्याने सुमारे १२ कोटी डॉलर मिळवले. माहितीपटाच्या दृष्टीने ही कमाई अभूतपूर्व होती. त्याने विचारलेले प्रश्न रास्त होते. तथापि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बुश पुन्हा निवडून आले. एका चित्रपटाने निवडणूक फिरवावी ही अपेक्षाच चुकीची, हे मान्य. परंतु अंधारात बसून टाळ्या वाजवल्या की आपण काही केले, असे समाधान प्रेक्षकाला लाभते आणि अनेकदा त्या समाधानातच त्याची शक्ती जिरून जाते. चित्रपटाच्या तिकिटाची पावती म्हणजे चळवळीच्या सभासदत्वाची पावती नव्हे.

या सगळ्याला केवळ पुढाऱ्यांचा नाटकीपणा जबाबदार धरणे अपुरे होईल. मागे अर्थकारण उभे आहे. अमेरिकेतील नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांवर १९४९ पासून एक बंधन होते. सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त प्रश्नांना त्यांनी वेळ द्यावा आणि भिन्न बाजू मांडाव्यात, असे ते बंधन. १९८७ साली ते रद्द झाले. बातमी ही सेवा न राहता अधिकाधिक विक्रीची वस्तू होत गेली. २००४ पासून दूरचित्रवाणीवरील स्पर्धेच्या कार्यक्रमात लोकांना कामावरून काढून टाकणारे डोनाल्ड ट्रम्प २०१५ साली उमेदवारीच्या मैदानात उतरले, तेव्हा वाहिन्यांना जणू घबाडच मिळाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सीबीएस या कंपनीचे प्रमुख लेस मूनव्हेज गुंतवणूकदारांपुढे उघडपणे बोलले, त्याचा आशय असा की, हा प्रकार अमेरिकेला हितकारक नसेलही, पण सीबीएसला तो भलताच लाभदायक आहे. इतका स्वच्छ ताळेबंद क्वचितच ऐकायला मिळतो. नफा कंपनीचा, तोटा देशाचा! आपल्याकडील रात्रीच्या आरडाओरड्याच्या चर्चा पाहणाऱ्यांना हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही.

मग राजकारणात करमणूक असूच नये काय? असे म्हणणारा माणूस महाराष्ट्राचा इतिहास विसरला, असे म्हणावे लागेल. सत्यशोधकांचे जलसे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या डफाच्या थापेने मैदाने भरून जात. मात्र ती करमणूक माणसाला घरातून उठवून मैदानात आणीत होती आणि मैदानातून मोर्चात नेत होती. आजची करमणूक त्याला खुर्चीत खिळवून ठेवते. करमणुकीला विरोध करण्याचे कारण नाही. ती माणसाला उठवते की बसवते, एवढे पाहावे.

या संदर्भात फेब्रुवारी १९७७ची दिल्ली आठवते. आणीबाणीनंतरच्या निवडणुका जाहीर झाल्या होत्या. जगजीवनराम यांनी सरकारातून बाहेर पडून काँग्रेस सोडली आणि ६ तारखेला, रविवारी, रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांच्यासह त्यांची सभा ठरली. सरकारी दूरदर्शनने त्या संध्याकाळी राज कपूर यांचा लोकप्रिय ‘बॉबी’ दाखवण्याचे योजले. लोकांनी घरी बसावे, एवढाच हेतू. तरीही मैदान माणसांनी फुलून गेले. ‘बाबूं’नी ‘बॉबी’ला हरवले, असे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी म्हटले. त्या लोकांना चित्रपट आवडत नव्हता असे नाही. पण गेल्या एकोणीस महिन्यांची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती. म्हणून त्या संध्याकाळी आपली जागा कोठे आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

भाच्याने अखेर विचारले, “मग मामा, पाहूच नये का?” अवश्य पाहावे. परंतु एखाद्या नेत्याचे भाषण आवडले की त्याच्या अभिनयाला गुण देण्यापूर्वी, तो जे करू म्हणतो त्याचा खर्च किती आणि तो कोणाच्या माथी बसणार, एवढे विचारावे. आणि वर्षातून एकदा तरी आपल्या गावच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत जाऊन बसावे. तेथे पार्श्वसंगीत नसते, टाळ्याही फारशा नसतात. नळाला पाणी का येत नाही आणि त्यासाठी आलेला पैसा कोठे गेला, असा रटाळ विषय चाललेला असतो. राजकारण मुळात याच कामासाठी असते. तेथील खुर्च्या रिकाम्या राहिल्या, की त्यांची किंमत उद्या आपल्याकडूनच वसूल होते.