जाहिरातीतील विशेषणे

‘पाहिजेत : होतकरू पदवीधर. आकर्षक वेतन.’ अशी जाहिरात आपण अनेकदा वाचली असेल. ‘पाहिजेत’ कोणाला, हे तीत कळत नाही. ‘आकर्षक’ हे विशेषण तर रकमेची जागा अडवून बसलेले असते. आंतरवासिता असेल तर विद्यावेतन, कालावधी आणि कामाच्या वेळा आकड्यांतच छापाव्यात. दिवसा नोकरी करून शिकणाऱ्याला अर्जाचा निर्णय त्यावरूनच घेता येतो.

याहून घातक विशेषण ‘नियमित’. ‘नियमित पदवीधरांनीच अर्ज करावा’ असे लिहिणारा नियोक्ता आपल्याला एका शब्दात दाराबाहेर ठेवतो. वस्तुतः विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त मुक्त व दूरस्थ शिक्षणातील पदवी पारंपरिक पदवीशी समकक्ष आहे. आयोगाने २०२२ मध्ये त्याचा पुनरुच्चारही केला. तेव्हा नियोक्त्याने ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाचा पदवीधर’ एवढेच लिहावे आणि जाहिरात संपर्कसत्रांपूर्वी अभ्यासकेंद्रांकडेही पाठवावी. (आमच्या फलकांवर मुदत उलटलेल्या सूचनाच अधिक असतात, तो भाग निराळा.) तोवर ‘नियमित’ हा शब्द दिसला तरी आपण अर्ज अवश्य करावा, आणि त्यासोबत या विनियमांचा उल्लेख असलेले पत्र जोडावे.