पहिल्या पगाराचे माप

सीईटीचे निकाल लागून प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की घराघरांत आणखी एक परीक्षा सुरू होते. तिला मुले बसत नाहीत, आईवडील बसतात. विषय एकच, गणित. फी किती, कर्ज किती आणि पुढे पगार किती? संगणक शाखा मिळाली तर हे गणित कोणी फारसे मांडत नाही. पण यादीत ‘बायोमेडिकल’ असे नाव आले की मामापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे विचारू लागतात, ‘ह्यात पैसा आहे का हो?’

प्रश्न रास्त आहे. पैशाचा विचार म्हणजे विद्येचा अपमान, असे मानणारी माणसे बहुधा स्वतः हप्ता भरत नसतात. मात्र बँकेत तीसेक वर्षे काढल्यावर, शैक्षणिक कर्जाची अनेक प्रकरणे हाताळल्यावर माझे मत असे झाले आहे की, ‘या शाखेत पैसा किती?’ याच्या आधी ‘या शाखेला कर्ज किती झेपेल?’ हे विचारावे.

ही शाखा म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. अतिदक्षता विभागातले व्हेंटिलेटर, डायलिसिसचे यंत्र, एमआरआय, रुग्णाच्या छातीवर लावलेल्या तारा, ही सारी यंत्रे कोणीतरी रचावी लागतात, तपासावी लागतात आणि रात्री दोन वाजता बंद पडली तर चालू करावी लागतात. हे काम जैववैद्यकीय अभियंत्याचे. २०२०-२१ च्या करोनाकाळात आपल्याला कळले की, जाणता माणूस हाताशी नसेल तर व्हेंटिलेटर म्हणजे नुसते महागडे खोके. या विद्येला मागणी नाही असे कोणी म्हणू नये. वैद्यकीय उपकरणांचे नवे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली आणि त्यामुळे चाचणी, प्रमाणपत्रे, परवाने यांची जाणकार माणसे कंपन्यांना लागू लागली.

पण या क्षेत्रात फळ उशिरा लागते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने भारतीय बनावटीची हृदयाची झडप तयार झाली. आधीची प्रारूपे फसली आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्या रुग्णाला बसली. संस्थेचे जे, तेच माणसाचे. पहिली दोन-तीन वर्षे रुग्णालयात किंवा कंपनीच्या सेवाविभागात यंत्रे उघडून शिकण्यात जातात. पगार बेताचा असतो. हात बसला, एखाद्या यंत्रात किंवा नियमांच्या कामात नाव झाले, की मग तो वाढतो. कर्जाचा हप्ता मात्र नेमका या उमेदवारीच्या काळात दारात उभा राहतो.

आकडे मांडून पाहू. दरवर्षी दीड लाख असे चार वर्षांत सहा लाखांचे कर्ज घेतले आणि व्याज दहा टक्के धरले. शिक्षणाची चार वर्षे आणि वर एक वर्ष हप्ता नसतो. पुष्कळ पालकांना हा काळ बिनव्याजी वाटतो. तसे नसते, सरळव्याज चढतच राहते. पाच वर्षांत ते २ लाख १० हजार होते आणि हप्ते सुरू होण्याच्या दिवशी सहा लाखांचे ८ लाख १० हजार झालेले असतात. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,७०० रुपये.

समजा, पहिल्या नोकरीत हातात २५,००० रुपये येतात. त्यातून हप्ता वजा केल्यावर उरलेल्यात मुंबई-पुण्यात खोलीचे भाडे, खाणावळ आणि लोकल वा बसचा पास बसवून दाखवावा! माझा साधा दंडक असा की, हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्शाहून मोठा नको. म्हणजे येथे ६,२५०. उलटे मोजत गेले तर मूळ कर्ज साडेतीन लाखांच्या आसपासच थांबायला हवे. मुदत पंधरा वर्षे केली तरी ही मर्यादा ४ लाख ३० हजारांच्या पुढे जात नाही.

आमच्या शाखेतली एक कर्जदार मुलगी मला आठवते. रुग्णालयातल्या यंत्रांविषयी बोलू लागली की तिचे डोळे चमकत. पाच महिने तिने ते काम केले, आणि मग हप्त्यासाठी सॉफ्टवेअर तपासण्याच्या नोकरीत गेली. तिचा एकही हप्ता थकला नाही. बँकेच्या दृष्टीने खाते उत्तम. चार वर्षे शिकलेली विद्या मात्र वाया गेली, आणि अशा तोट्याला आमच्या खतावणीत रकाना नव्हता.

म्हणून काही गोष्टी आधी कराव्यात. राज्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीय प्रवेशफेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास २०२४ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. ते पाहिल्यावाचून कर्जाचा अर्ज भरू नये. महाविद्यालयात सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा विचारू नका, तो फलकावर असतोच. गेल्या वर्षीच्या वर्गातल्या मधल्या मुलाला किती मिळाले आणि याच क्षेत्रात कितीजण राहिले, ते विचारा. जमत असेल तर व्याज शिकतानाच भरा. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिना १,२५० रुपये येते आणि वाढत चौथ्या-पाचव्या वर्षी ५,००० होते. एवढे केले तर पुढचा हप्ता ७,९०० वर येतो आणि एकूण सव्वा लाखाच्या जवळपास वाचतात.

एवढे करूनही लागणारे कर्ज मर्यादेच्या फार वर जात असेल तर दुसरी वाट आहे. कमी फीच्या शासकीय महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन करावे आणि गेट परीक्षा देऊन पदव्युत्तर शिक्षणासाठी या विषयाकडे वळावे. गेटमध्ये या विषयाचा स्वतंत्र पेपर २०२० पासून आहे आणि गेटमधून एम.टेक.ला आलेल्या पात्र विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. राहते घर तारण ठेवून पदवी घेण्यापेक्षा दोन वर्षे उशिरा पोचलेले बरे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण मुलांना सांगत आलो. शिक्षणाच्या बाबतीत ते अंथरूण म्हणजे बापाचा पगार नव्हे, घराची किंमतही नव्हे. मुलाचा पहिला पगार हेच ते अंथरूण. कर्ज त्या मापात बसले, तर त्याला ती पहिली नोकरी पगार पाहून नव्हे, शिकायला काय मिळते ते पाहून धरता येईल.