मांजराच्या गळ्यांतील घंटा

आमची एक भाची चंद्रपुरास महाविद्यालयांत शिकते. तिला गोष्टी लिहिण्याचा नाद आहे. आणि आम्ही दरमहा या पानांतून पुस्तकांविषयीं कांहींबाहीं लिहीत असतों, एवढ्या आधारावर तिनें आम्हांस या विषयांतील अधिकारी ठरवून टाकलें आहे. गेल्या महिन्यांत तिची एक नवी गोष्ट आमच्याकडे आली. सोबत चिठ्ठी होती : “मामा, खरें मत द्यावें. आईसारखें ‘छान आहे’ एवढेंच म्हणूं नये.”

गोष्ट थोडक्यांत अशी. ताडोबाच्या अरण्याच्या कडेस राहणाऱ्या एका वनाधिकाऱ्याचा लहान मुलगा चोरटे शिकारी पळवून नेतात. रात्र पडते, आई हंबरडा फोडते, गांव मशाली घेऊन निघतें. इतक्यांत बापाला आठवण होते कीं, आपण मुलाच्या बुटाच्या तळांत माग काढण्याचें एक बारीक यंत्र बसवून ठेवलें आहे. नकाशावर तांबडा ठिपका लुकलुकूं लागतो, ठिपक्याच्या रोखानें जीप सुटते, आणि चार पानांत मुलगा आईच्या कुशींत व शिकारी गजांआड जातात.

खरें मत द्यावयाचें तर गोष्टीचा पूर्वार्ध उत्तम आहे. पहांटेच्या अंधारांत मोहफुलें वेंचावयास निघालेल्या बायका, त्यांच्या हातांतील टोपल्या, सुकल्या पानांवर पडणारें पाऊल हलकें कीं जड हें ऐकून थबकणारा गोंड वाटाड्या, हें सारें मुलीनें डोळ्यांनीं पाहिलेलें आहे हें उघड दिसतें. परंतु तो ठिपका दिसला मात्र आणि आमचा जीव भांड्यांत पडला. गोष्टीच्या मध्यावर वाचकाचा जीव एकदां भांड्यांत पडला, कीं पुढचीं पानें तो केवळ लेखकाच्या भिडेखातर वाचतो.

हा दोष एकट्या आमच्या भाचीचा नाहीं. इयान फ्लेमिंग यांच्या ‘गोल्डफिंगर’ या १९५९ सालच्या कादंबरींत गुप्तहेर बाँड हा खलनायकाच्या मोटारींत असेंच एक यंत्र दडवितो व त्याच्या संकेतावर फ्रान्सभर तिचा पाठलाग करतो. १९६४ सालीं त्या कथेचा चित्रपट निघाला आणि ही युक्ति जगभर पसरली. आज ती इतकी स्वस्त झाली आहे कीं, कथानकाचा गाडा कोठेंहि रुतला तरी लेखक खिशांतून ठिपका काढतो.

तथापि माग राहील अशी खूण करून ठेवण्याची कल्पना यंत्राहून फार जुनी आहे, आणि जुन्या कथाकारांनीं ती अधिक शहाणपणानें वापरली आहे. अरबी गोष्टींतील अलीबाबाच्या दारावर चोर खडूची खूण करून जातो. ती खूण पाहून मर्जिना काय करते? ती खूण पुसून टाकीत नाहीं. शेजारच्या सगळ्या दारांवर तशाच खुणा करून ठेवते! खूण जिवंत राहते आणि तिचा अर्थ मरतो. शेवटीं चोरांच्या नायकास खडू बाजूस ठेवून तें घर स्वतःच्या डोळ्यांनीं निरखून मनांत ठसवावें लागतें. कॉनन डॉइल यांच्या १८९० सालच्या ‘द साइन ऑफ फोर’ या कादंबरींत अपराध्याचा पाय क्रिओसोट नांवाच्या उग्र वासाच्या तेलांत पडलेला असतो, आणि टोबी नांवाचा कुत्रा त्या वासावर मैलोगणती धांवतो. तो मोठ्या ऐटींत येऊन थांबतो कोठें, तर लांकडाच्या वखारींतील क्रिओसोटच्या पिंपापाशीं! कुत्र्याचें नाक चुकलें नव्हतें. ज्याचा वास दिला तेंच त्यानें शोधून काढलें. मनुष्य मात्र दुसरीकडेच गेला होता. आणि बॅरी यांच्या ‘पीटर पॅन’ या १९०४ सालच्या नाटकांतील ती सुसर आठवावी. तिनें घड्याळ गिळलेलें असतें, म्हणून तिची टिकटिक ऐकून चांचा हुक वेळींच पळ काढतो. पण घड्याळाची किल्ली केव्हां तरी संपणारच, हें भय त्याच्या मनांतून जात नाहीं, आणि अखेर तें खरें ठरतें.

या तिन्ही ठिकाणीं गोष्ट रंगते ती साधन चालतें म्हणून नव्हे. साधन जें सांगतें आणि खरोखर जें घडतें त्यांत अंतर पडतें, म्हणून. आमच्या भाचीनें हें पुस्तकांतून शिकण्याचें कारण नव्हतें. ती ज्या मुलखांत राहते तेथील अरण्यच हा धडा गेलीं कित्येक वर्षें देत आहे.

उंदरांच्या सभेंत मांजराच्या गळ्यांत घंटा बांधण्याचा ठराव झाला, ही गोष्ट आपण सर्वांनीं बाळपणीं ऐकली आहे. घंटा बांधावी कोणी, येथें ती गोष्ट संपते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे तिचा पुढचा अध्याय लिहिला गेला, कारण तेथें वाघाच्या गळ्यांत घंटा खरोखरच बांधली गेली. १९६३ सालीं अमेरिकेंत कॉक्रन व लॉर्ड या दोघांनीं वन्य प्राण्यांच्या अंगावर बांधावयाच्या लहानशा रेडिओयंत्राची रीत प्रसिद्ध केली. आपल्या देशांत उल्हास कारंत यांनीं १९९० च्या सुमारास नागरहोळच्या अरण्यांत वाघांना असे पट्टे बांधले. वाघास गुंगीचें औषध देऊन हा पट्टा, म्हणजे रेडिओ कॉलर, चढवितात. जुन्या पद्धतींत हातांत अँटेना घेऊन टिकटिक कोणत्या दिशेनें मोठी येते हें पाहात हिंडावें लागे. नव्या पट्ट्यांत यंत्र ठराविक वेळानें आपलें ठिकाण टिपतें आणि उपग्रहामार्फत कळवितें. मधल्या वेळांत वाघ कोठें होता हें तें सांगत नाहीं, आणि बॅटरी संपली कीं कांहींच सांगत नाहीं.

आतां एक हकीकत ऐकावी. २०१७ च्या जुलैंत ब्रह्मपुरीच्या जंगलांतील एका तरुण वाघिणीस, तिनें माणसें मारल्यावरून, पकडण्यांत आलें आणि पट्टा बांधून वर्धा जिल्ह्यांतील बोरच्या व्याघ्रप्रकल्पांत सोडण्यांत आलें. ती तेथें रमली नाहीं. शेतें, रस्ते, गांवठाणें ओलांडीत तिनें सुमारें अडीच महिन्यांत पांचशें किलोमीटरांहून अधिक वाट तुडविली. तिचा ठावठिकाणा पट्टा कळवीत होता. तिला गोळी घालण्याचा हुकूम निघाला, त्यावर नागपुरास उच्च न्यायालयांत वाद झाला, आणि माग काढणारीं पथकें तिच्या मागें फिरत राहिलीं. ऑक्टोबरांत ती मेली, पण बंदुकीच्या गोळीनें नव्हे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं एका शेतांत विजेचा प्रवाह सोडलेली तार होती, तिचा तिला स्पर्श झाला. वाघीण कोठें आहे हें ठाऊक होतें. तार कोठें आहे हें मात्र कोणत्याच नकाशावर नव्हतें.

दुसरी हकीकत ‘जय’ या वाघाची. ‘शोले’ चित्रपटांतील नायकाचें नांव मिळालेला हा प्रचंड वाघ २०१३ सालीं नागझिऱ्याहून उमरेड-कऱ्हांडल्यास आला. त्याच्या गळ्यांतहि पट्टा होता. २०१६ च्या एप्रिलांत पट्ट्याचे संकेत थांबले आणि तेव्हांपासून जय कोणास दिसला नाहीं. रानें धुंडाळण्यांत आलीं, तर्क लढविण्यांत आले. पण शेवटच्या संकेताच्या पलीकडे एक पाऊलहि कोणास जातां आलें नाहीं. पुढच्याच वर्षीं, २०१७ च्या एप्रिलांत, त्याचा पट्टा बांधलेला मुलगा ‘श्रीनिवास’ नागभीडजवळ शेतांतील विजेच्या तारेनेंच मेला. त्याचा पट्टा हातीं लागला तेव्हां तो वाघाच्या गळ्यांत नव्हता, आणि वाघ मातींत पुरलेला सांपडला.

याउलट ‘सीटी-१’ म्हणून ओळखला जाणारा जो वाघ गडचिरोली, भंडारा व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत तेरा माणसांच्या मृत्यूस कारण झाला, त्याच्या गळ्यांत पट्टाच नव्हता. झाडांना बांधलेले कॅमेरे, पायांचे ठसे आणि अनेक पथकांची पायपीट यांच्या जोरावर त्याला २०२२ च्या ऑक्टोबरांत वडशाजवळ जेरबंद करण्यांत आलें.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा कोणी करूं नये. वाघ एका अरण्यांतून दुसऱ्यांत कोणत्या वाटेनें जातात, शेतें-रस्ते कोठें ओलांडतात, हें आपणांस कळलें तें बव्हंशीं या पट्ट्यांमुळें. आमचा प्रश्न निराळा आहे. घंटा मांजराच्या गळ्यांत बांधली खरी, पण तिचा आवाज कोणाच्या कानांत पडतो? तो उपग्रहाकडे जातो, तेथून कचेरींतील पडद्यावर येतो. पहांटें मोहाच्या झाडाखालीं वांकून फुलें वेंचणाऱ्या बाईस तो ऐकूं येत नाहीं. उंदरांच्या ठरावांतील मुख्य मुद्दा घंटा हा नव्हता. ती आपणांस ऐकूं यावी हा होता. मोहर्लीजवळच्या सीतारामपेठ गांवाच्या कडेस २०२३ सालीं वाघ ओळखणारे कॅमेरे बसविण्यांत आले, आणि वाघ जवळ येतांच गांवालाच इशारा मिळावा अशी योजना करण्यांत आली. हा प्रयोग आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो एवढ्यासाठींच, कीं घंटेचा आवाज ज्याचा जीव धोक्यांत आहे त्याच्या कानाकडे वळविण्याची ती खटपट आहे.

असो. वाघाच्या गोष्टी सांगतां सांगतां घरची गोष्ट आठवली, आणि भाचीस उत्तर लिहावयाचें तें याच गोष्टीच्या आधारानें, असें ठरविलें.

आमची बहीण पुण्यास राहते. लेक इतक्या दूर राहिली म्हणून तिच्या मोबाइलचें ठिकाण आपल्या मोबाइलवर दिसावें, अशी सोय तिनें करून घेतली आहे. गेल्या माघांत एके संध्याकाळीं लेक मूलहून चंद्रपुरास यष्टीनें परत येत होती. सव्वासातच्या सुमारास ठिपका चिचपल्लीच्या अलीकडे भर जंगलांत थांबला. आठ वाजले, नऊ वाजले, ठिपका जागचा हालेना. फोन लागेना. बहिणीनें आम्हांस उठविलें. आम्हीं “टायर पंक्चर झालें असेल” वगैरे जें बोलावयाचें तें बोललों. पण आमच्या डोळ्यांपुढेंहि तो काळा रस्ता आणि दुतर्फाचें सागवान उभें राहिलें होतें. देवापुढचें निरांजन विझूं नये म्हणून बहीण त्यांत पुनःपुन्हां तूप घालीत बसली होती. साडेअकरा वाजतां लेकीचा फोन आला. वाटेंत मोबाइलची बॅटरी संपली होती. ती केव्हांच वसतिगृहांत पोंचली, जेवली, मोबाइल भिंतीला लावून ठेवला आणि दुसऱ्या दिवशींच्या परीक्षेचें वाचीत बसली! ठिपका तेवढा जंगलांत राहिला होता.

त्या चार तासांत आमच्या बहिणीस आपल्या मुलीचें ठिकाण दहा पावलांइतकें बिनचूक ठाऊक होतें, आणि तें सर्वस्वी खोटें होतें. पूर्वीची आई पत्राची वाट पाहात आठ दिवस काढी. तिला ठाऊक असे कीं आपणांस ठाऊक नाहीं. ठिपक्यानें हें नम्र अज्ञान नाहींसें केलें आणि त्याच्या जागीं जुनी बातमी नवी म्हणून आणून ठेवली. रानांतले लोक म्हणतात, चकवा लागला कीं मनुष्य ओळखीच्या वाटेवरच गरगर फिरत राहतो. चकवा नेहमीं ओळखीचें रूप घेऊन येतो. त्या रात्रीं त्यानें ठिपक्याचें रूप घेतलें होतें.

म्हणून भाचीस लिहिलें : “ठिपका काढून टाकूं नकोस; पण त्याला गोष्ट संपवूं देऊं नकोस. तो पाहणारा कोण, त्याला काय दिसत नाहीं, आणि ठिपक्याच्या ठिकाणीं खरोखर कोण आहे, हे तीन प्रश्न विचार. तुझ्या आईची ती रात्र आठव.”

चार दिवसांनीं उत्तर आलें. आईच्या रात्रीबद्दल त्यांत एक अक्षर नव्हतें. मात्र त्याच दिवशीं तिनें आईला कधीं नव्हे तो आपण होऊन फोन केला होता, असें बहिणीकडून कळलें. गोष्टीविषयीं तिनें विचारलें होतें : “मामा, शिकाऱ्यांच्या तळावर लांकडें आणून देणारा एक अनवाणी पोरगा आहे. मुलाचे बूट त्याला आवडले, आणि मुलानें ते त्याला देऊन टाकले, असें केलें तर? जीप बंदुका घेऊन ठिपक्याकडे निघाली आहे, आणि बूट त्याच्या पायांत आहेत.”

आम्हीं उलट टपालीं कळविलें कीं, पुढचीं पानें त्वरित पाठवावीं. आम्हांस झोंप येत नाहीं.