ठेव आणि भांडवल

फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. आमच्या पिढीचं बालपण रेडिओला कान लावून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकण्यात गेलं आणि उमेदीची वर्षं बँकेची लेजरं लिहिण्यात. त्यामुळे २०२३ च्या हिवाळ्यात मुलीकडे दोह्याला गेलो असताना जावई म्हणाले, ‘‘बाबा, आज मॅचला जाऊ या,’’ तेव्हा मी तयार झालो तो निव्वळ घरात बसून कंटाळलो होतो म्हणून.

गाडीवर जावयांच्या कंपनीतले ड्रायव्हर होते. त्यांना सगळे चाचा म्हणतात. मूळचे दापोली तालुक्यातले, १९९५ पासून कतारमध्ये. त्यांनी गाडीच्या खणातून एक लाल मफलर काढला, गळ्यात टाकला आणि म्हणाले, ‘‘साहेब, आज आपली अरबी आहे.’’

अल अरबी हा कतारच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमधला जुना, लोकांचा लाडका क्लब. पण माझ्या कानात अडकून बसला तो ‘आपली’ हा शब्द.

त्याचं कारण जुनं आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी कोकणातल्या एका शाखेत होतो. आखातातून येणाऱ्या ड्राफ्टांवर त्या शाखेचा निम्मा व्यवहार चाले. रजिस्टर पत्र आलं की एखादी म्हातारी आई ते पदराआड जपत काउंटरपाशी यायची, अंगठा उठवायची आणि ‘‘बरा हाय ना माझा पोर?’’ असं मलाच विचारायची. जणू ड्राफ्टवर ते लिहिलेलं असतं! दुबई, कुवेत, बहारीन, दोहा ही गावं मी नकाशावर नव्हे, त्या ड्राफ्टांवर वाचली. रक्कम बघितली, सही ताडून पाहिली, जमा केली. तो मुलगा तिथे संध्याकाळी काय करत असेल, हा प्रश्न मला कधी पडला नाही. लेजरमध्ये त्याला रकाना नसतो.

असो. स्टेडियम देखणं होतं. हिरवळ गालिच्यासारखी, दिवे लख्ख, खुर्च्या आरामशीर. फक्त त्या खुर्च्यांत माणसं नव्हती. एका कोपऱ्यात ढोल घेऊन शे-दोनशे पोरं गात होती, मध्ये पांढऱ्या झग्यातले काही कतारी आणि बाकी सगळी रांगच्या रांग मोकळी. मी म्हटलं, ‘‘चाचा, एवढा पैसा ओतला आणि माणूस नाही?’’ चाचा म्हणाले, ‘‘पैसा येतो साहेब विमानानं. माणूस चालत येतो. येळ लागतो.’’

१९७१ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात फुटबॉल मुळातच नव्हता, असं मात्र कुणी समजू नये. १९८१ मध्ये कतारच्या युवा संघानं जागतिक युवा स्पर्धेची अंतिम फेरी गाठली होती. अल सद्द हा क्लब १९८९ मध्ये आशियाचा विजेता झाला आणि पुन्हा २०११ मध्येही. चाचा नोकरीवर रुजू झाले आणि लगेच १९९६ व १९९७ अशी लागोपाठ दोन वर्षं अल अरबीनं लीग जिंकली. ‘‘तिथंच नाद लागला,’’ असं ते सांगतात. त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ लीगचं विजेतेपद काही अरबीच्या वाट्याला आलं नाही, पण नाद सुटला नाही.

२००३ मध्ये सरकारनं मनावर घेतलं. क्लबांना पैसा मिळाला आणि कारकिर्दीच्या उतरणीला लागलेले जगातले बडे खेळाडू दोह्यात उतरू लागले. अर्जेंटिनाचा बातिस्तुता अल अरबीकडे, स्पेनचा गार्डिओला अल अहलीकडे, हिएरो अल रय्यानकडे. बातिस्तुतानं पहिल्याच मोसमात २५ गोल केले, तरी लीग जिंकली अल सद्दनं. पुढे राऊल आला, २०१५ मध्ये झावी आला. २०१० मध्ये विश्वचषकाचं यजमानपद मिळालं आणि २०२२ मध्ये तो पार पडला. यजमान कतार तिन्ही सामने हरला आणि पहिल्याच सामन्यात, खेळ संपण्यापूर्वी, घरचे प्रेक्षक उठून गेल्याचं सगळ्या जगानं पाहिलं.

बँकेत आम्हाला एक धडा पहिल्या वर्षीच शिकवत. शाखा उघडायला भांडवल लागतं. इमारत, तिजोरी, फर्निचर हे सारं वरून येतं, एका सहीनिशी येतं. पण शाखा जगते ती ठेवींवर. ठेव म्हणजे शंभर, दोनशे करत लोकांनी विश्वासानं आणून ठेवलेला पैसा. तो हुकमानं आणता येत नाही. कतारच्या लीगपाशी भांडवल अमाप आहे. ठेव मात्र कमी आहे.

हिशेब करून बघा. देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या घरात, त्यात कतारी नागरिक तीन-साडेतीन लाख. म्हणजे आपला एखादा मोठा तालुका. आणि क्लब बारा! एका तालुक्यानं बारा मैदानं भरावीत कशी? ती भरू शकतात उरलेल्या लोकांनी. त्यात सात लाखांहून अधिक तर आपणच, भारतीय. पण या माणसांकडे पाहण्याची रीत अशी, की काही वर्षांपूर्वी कामगारांना बसमध्ये घालून आणून, हातावर थोडे रियाल टेकवून रिकाम्या खुर्च्या भरल्या जात असल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. मी जरा भीतभीतच चाचांना विचारलं. ते लपवाछपवी न करता म्हणाले, ‘‘एकदा गेलो साहेब, खोलीवरची पोरं गेली म्हणून. पैशे घेतले. पण अरबीच्या मॅचला कधी घेतले नाहीत. तिकीट काढून जातो.’’

या एका वाक्यात ठेव म्हणजे काय ते सगळं आलं.

बरं, खेळाडूंची गत तरी कुठे फार वेगळी होती? झाहिर बेलुनिस नावाचा फ्रान्सचा फुटबॉलपटू थकलेल्या पगारावरून क्लबशी वाद झाल्यामुळे दीड वर्षाहून अधिक काळ कतारमध्ये अडकून पडला. मालकाच्या परवान्याशिवाय देश सोडता येत नसे. २०१३ च्या अखेरीस तो घरी पोचला. ती परवान्याची अट २०१८ मध्ये बहुतेक कामगारांसाठी आणि २०२० मध्ये घरकाम करणाऱ्यांसाठीही गेली. नोकरी बदलायला मालकाची संमती लागे, तीही अट २०२० मध्ये उठली. हे बदल कागदावर मोठे आहेत, त्यांचं श्रेय द्यायलाच हवं. पण ‘जाऊ शकतोस’ म्हणणं वेगळं आणि ‘तू आमचा’ म्हणणं वेगळं.

पैशानं काहीच होत नाही असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. बँकेत नोकरी केलेल्या माणसानं तसं म्हणू नये. २००४ मध्ये दोह्यात ‘अस्पायर’ ही प्रबोधिनी सुरू झाली, तो पैसा सत्कारणी लागला. सुदानमध्ये जन्मलेला आणि कतारमध्ये वाढलेला अलमोएझ अली, बाहेरून आलेल्या घरातला पण दोह्यातच जन्मलेला अक्रम अफीफ अशी मुलं तिथे घडली, याच लीगमध्ये खेळली आणि त्यांच्याच जोरावर कतारनं २०१९ मध्ये आशिया चषक जिंकला. विश्वचषकातल्या नामुष्कीनंतर, २०२४ च्या फेब्रुवारीत, तो पुन्हा जिंकला. अंतिम सामन्यातले कतारचे तिन्ही गोल अफीफचे. केरळी आईबापांचा, दोह्यात जन्मलेला तहसीन मोहम्मद हा मुलगा २०२४ मध्ये अल दुहैलकडून लीगमध्ये उतरला आणि राष्ट्रीय संघातही निवडला गेला. विकत आणलेले तारे गोल करून निघून गेले. अंगणात वाढवलेली मुलं राहिली.

तीन लाखांना उरलेल्या सत्तावीस लाखांत विरघळून जाण्याची भीती वाटत असेल, हे मी समजू शकतो. मुंबईतल्या मराठी माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नागरिकत्व ही मोठी गोष्ट आहे, तिथला निर्णय त्यांचा. पण क्लब ही लहान गोष्ट आहे. कामगारांच्या वसाहतीतल्या पोरांसाठी एक मैदान, एक प्रशिक्षक, सुट्टीच्या दिवसाचं स्वस्त तिकीट आणि ‘या, बसा’ एवढं तर करता येईल? रिकाम्या खुर्चीपेक्षा त्याला खर्च कमीच येईल.

आणि आपण त्यांना हसण्याचं कारण नाही. २०१४ मध्ये आमच्या पुण्याच्या संघानंही फ्रान्सचा विश्वविजेता त्रेझेगे आणला होता. बालेवाडीला दिवे लागले, फलक लागले. २०१९ मध्ये तो क्लबच बंद झाला. आमच्या गल्लीत कुणी हळहळलं नाही, मीही नाही. भांडवल उठून गेलं, ठेव कधी जमलीच नव्हती.

त्या वर्षीच्या मे महिन्यात, मी पुण्याला परतल्यावर, एका रात्री चाचांचा फोनवर निरोप आला. मागे गलका, भोंगे, ढोल. अल अरबीनं तब्बल तीस वर्षांनी अमीर चषक जिंकला होता, तोही अल सद्दला ३-० हरवून. चाचा ओरडून सांगत होते, ‘‘साहेब, आपली जिंकली! पुढच्या वर्षी मुलुखाला चाललो, पण बघून चाललो!’’

चाचा आता दापोलीला असतात. अट्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या नोकरीतून त्यांनी घर बांधलं, मुलींची लग्नं केली. अल अरबीच्या दफ्तरात त्यांचं नाव कुठे असेल असं वाटत नाही.

वाचकहो, तुमच्या घरातलं, शेजारचं कुणी आखातात असेल. गणपतीला, ईदला सुट्टीवर येईल. आपण विचारतो ते पगाराचं, सोन्याचं, परत कधी येणार त्याचं. या खेपेला एवढंच विचारून पाहा, तिथे तुझी टीम कुठली? मी चार वर्षं काउंटरवर बसून एकालाही ते विचारलं नव्हतं.