मुदत पोलिसांना पाळायला लावा

अपघातात माणूस गेला किंवा कायमचा अधू झाला आणि घरच्यांनी सहा महिन्यांत दावा दाखल केला नाही, तर भरपाईचा हक्क संपला, असे सांगणाऱ्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी वेसण घातली, हे उत्तम झाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 (3)ला दिलेल्या आव्हानाचा निकाल लागेपर्यंत केवळ मुदत उलटली म्हणून कोणताही दावा फेटाळू नका, असा अंतरिम आदेश न्या. अरविंद कुमार आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठाने दिला. पण अंतरिम आदेश म्हणजे निकाल नव्हे. उद्या ही अट वैध ठरली तर हजारो कुटुंबे पुन्हा उघड्यावर येतील. म्हणून केंद्र सरकारने निकालाची वाट न पाहता ही अट स्वतःहून मागे घेतली पाहिजे. 1988च्या मूळ कायद्यातही सहा महिन्यांची मुदत होती. फरक एवढाच की, तेव्हा सबळ कारण दिले तर वर्षभरापर्यंत उशीर माफ व्हायचा. ही मुदत अन्यायाची आहे हे पटल्यावर संसदेने 1994मध्ये ती पुरती काढून टाकली. पंचवीस वर्षांनी, 2019च्या दुरुस्तीत तीच पुन्हा आणली. 1 एप्रिल 2022 पासून ती लागू झाली, आणि या वेळी उशीर माफ करण्याची सोयसुद्धा ठेवली नाही.

हा अन्याय किती उघड आहे, हे याच कायद्यातली दोन कलमे शेजारी ठेवली की कळते. कलम 159 म्हणते, अपघाताचा अहवाल पोलिसांनी तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे पाठवावा. कलम 166 (4) म्हणते, हा अहवाल हाच भरपाईचा अर्ज मानावा. म्हणजे पोलिसांनी आपले काम वेळेत केले, तर अपघातग्रस्ताला वेगळा अर्ज करण्याची गरजच उरत नाही. सहा महिन्यांची अट मग आडवी येते कुणाला? ज्याचा अहवाल पोलिसांनी तीन महिन्यांत पाठवला नाही, त्याला. कसूर पोलीस ठाण्याची आणि शिक्षा विधवेला, असा हा व्यवहार आहे. 2022च्या नियमांनी तर टप्पेही ठरवून दिले आहेत: 48 तासांत पहिला अहवाल, 50 दिवसांत अंतरिम, 90 दिवसांत सविस्तर. विमा कंपनीच्या अधिकाऱ्यालाही तडजोडीची रक्कम देऊ करण्यासाठी 30 दिवसांची मुदत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2022च्या निकालात या कामासाठी पोलिसांचे विशेष पथक तीन महिन्यांत नेमायला सांगितले. मुदती सगळ्यांनाच आहेत. पण पोलिसांची मुदत टळली की नुकसान अपघातग्रस्ताचे, कंपनीची टळली तरी त्याचेच, आणि त्याची स्वतःची टळली तर दारच बंद.

मावळात हा प्रश्न कागदावरचा नाही. द्रुतगती मार्ग आणि जुना पुणे-मुंबई महामार्ग, दोन्ही या तालुक्याच्या पोटातून जातात. खंडाळ्यापासून कामशेत, वडगाव, सोमाटणे फाट्यापर्यंत जुन्या रस्त्यालगत गावे आहेत, शाळा आहेत, तळेगावच्या एमआयडीसीत दुचाकीवरून जाणारे कामगार आहेत. नोव्हेंबर 2021मध्ये आळंदीला निघालेल्या दिंडीत साते गावाजवळ पिकअप घुसला आणि महिला वारकऱ्यांचा बळी गेला. जून 2023मध्ये लोणावळ्याजवळ द्रुतगती मार्गाच्या कुणे येथील पुलावर ज्वलनशील रसायनाच्या टँकरने पेट घेतला. पेटते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडले, खालून दुचाकीवर चाललेली माणसे, त्यात मुलेही, होरपळली. चौघांचा जीव गेला. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. ही माणसे त्या मार्गावर नव्हतीच, तरीही त्या मार्गाने त्यांना गाठले. यातला पहिला अपघात एप्रिल 2022च्या आधीचा, म्हणून त्याला मुदतीची अट नाही. दुसऱ्याला सहा महिने. दीड वर्षाच्या अंतराने, एकाच तालुक्यात घडलेल्या दोन अपघातांतल्या कुटुंबांना कायद्याने असे वेगळे मोजावे, याला कोणते कारण देता येईल?

भाजलेल्या किंवा मांडीत सळई बसवलेल्या माणसाचे सहा महिने कसे जातात ते पाहा. पहिला महिना अतिदक्षता विभाग आणि उसनवारी. मग दुसरी शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी, घरातल्या कमावत्याचा सुटलेला रोजगार. दाव्याला लागणारे कागद वेगवेगळ्या दारांत पडलेले असतात: एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा पोलीस ठाण्यात, पीएमचा अहवाल रुग्णालयात, समोरच्या गाडीचे आरसी बुक, परमिट आणि विम्याची पॉलिसी भलत्याच जिल्ह्यात. कायमच्या अपंगत्वाचा दाखला डॉक्टर उपचार संपल्याशिवाय देत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. हाड जुळले की नाही हे आधी कसे सांगणार? ज्या दाखल्यावर भरपाईची रक्कम ठरते तो सहा महिन्यांत हाती येत नाही, आणि दावा मात्र सहा महिन्यांतच हवा. या घाईचा फायदा कुणाला होतो, हे रुग्णालयांच्या आवारात दिसते. तिथे दलाल कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा घेतात आणि भरपाईतला हिस्सा आधीच ठरवून टाकतात.

गाडी पळून गेली असेल तर परिस्थिती याहून वाईट. त्यासाठी केंद्राची योजना आहे: मृत्यूसाठी 2 लाख, गंभीर जखमेसाठी 50 हजार रुपये. 2022मध्ये देशात पळून गेलेल्या वाहनांचे 67,387 अपघात नोंदले गेले. 2022-23मध्ये या योजनेकडे दावे आले 205 आणि निकाली निघाले 95. हे आकडे सर्वोच्च न्यायालयासमोर आले, तेव्हा जानेवारी 2024मध्ये न्यायालयाला पोलिसांना सांगावे लागले की, महिनाभरात गाडी सापडली नाही तर या योजनेची माहिती कुटुंबाला लेखी द्या. माहिती द्या, एवढे सांगायलाही देशाचे सर्वोच्च न्यायालय लागावे, ही संतापजनक गोष्ट आहे. जखमींच्या मोफत उपचारांचेही तेच झाले. दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवसांच्या उपचारांची योजना मे 2025मध्ये अधिसूचित झाली, तीही न्यायालयाने कान उपटल्यावर.

मुदत नसली तर खोटे दावे वाढतील, असे विमा कंपन्या म्हणतात. खोटे दावे होतात, हे खरे आहे. उत्तर प्रदेशातल्या बनावट दाव्यांची चौकशी विशेष पथकाकडे द्यावी लागली होती. पण खोटा दावा पकडतो तो 48 तासांत न्यायाधिकरणाकडे गेलेला पोलिसांचा अहवाल. कॅलेंडर पाहून खरा-खोटा दावा वेगळा करता येत नाही. बनावट कागद तयार करणाऱ्या टोळ्यांना तर सहा महिने पुष्कळ झाले. मुदतीला मुकतो तो खरा अपघातग्रस्त. आणि कंपन्यांना कज्जेदलाली एवढी नकोशी असेल, तर जुना इतिहास आठवावा. 1987मध्ये सातारा जिल्ह्यात महामार्गावर पेट्रोलचा टँकर उलटला, काही तासांनी स्फोट झाला आणि जमलेले गावकरी गेले. मृताच्या पत्नीला दोष न पाहता द्यायच्या 15 हजार रुपयांवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला गेला. उलटून पडलेला टँकरही ‘वापरात’च असतो, असे न्यायालयाने 1991मध्ये ठरवले, तेव्हा कुठे तो संपला. 15 हजार रुपयांसाठी!

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. घाटातली कोंडी सोडवायची की फॉर्म भरायचे, असे पोलीस विचारतात. ठाण्यात माणसे कमी आहेत हे मान्य. पण याच द्रुतगती मार्गावर जुलै 2024पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा बसली आहे. वेगमर्यादा ओलांडणाऱ्याला ई-चलान जाते आणि अशी लाखो चलाने गेली आहेत. गाडीचा क्रमांक, मालकाचे नाव, विम्याची स्थिती सरकारच्या संगणकात आहे. दंड वसूल करण्यासाठी जी माहिती पाठवता येते, तीच न्यायाधिकरणाला पाठवायला वेगळे मनुष्यबळ लागते, हे पटणारे नाही. 2016मध्ये या मार्गावर 151 माणसे मेली आणि त्यानंतर सरकार, पोलीस व स्वयंसेवी संस्थांनी मिळून ती संख्या खाली आणली. मनावर घेतले तर जमते, याचा पुरावा याच रस्त्यावर आहे.

रस्ता बांधणाऱ्याची जबाबदारी तर कुणी विचारतच नाही. सदोष रचना किंवा देखभालीमुळे जीव गेला, तर कलम 198-अ खाली प्राधिकरणाला किंवा कंत्राटदाराला होणारा दंड जास्तीत जास्त 1 लाख रुपये आहे, आणि तोही थेट कुटुंबाच्या हाती पडत नाही, निधीत जमा होतो. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास 6 लाखांची भरपाई द्यावी आणि ती जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025मध्ये सांगितले. महामार्गाच्या उतारांना, तुटलेल्या दुभाजकांना, अंधाऱ्या फाट्यांना हेच तत्त्व लावले पाहिजे. खोपोली ते कुसगाव मिसिंग लिंकसाठी हजारो कोटी रुपये उभे करणाऱ्या राज्याला हे परवडत नाही, असे म्हणता येणार नाही.

पुणे ग्रामीण पोलीस आणि पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय यांनी मावळातल्या प्रत्येक ठाण्याने किती अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवले, हे दर तिमाहीला जाहीर करावे. आणि मुदत गेली म्हणून ज्यांना परत पाठवले गेले, त्यांनी आता पुन्हा जावे. अंतरिम आदेश लागू असेपर्यंत तेवढ्या कारणाने दावा फेटाळता येत नाही. दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असे नाही, राहत्या जिल्ह्यातही करता येतो. महिलांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी वडगावच्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा आणि रुग्णालयात कोऱ्या कागदावर सही करू नये.