दोन कामांचं एक मशीन : घ्यावं की थांबावं?



मागच्या आठवड्यात मोखाड्याहून माझ्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, भिशी लागली. शिलाई आणि एम्ब्रॉयडरी दोन्ही करणारं मशीन घेऊन टाकू का?" वन्सं बारा वर्षं पायमशीनवर ब्लाउज आणि साडीचे फॉल करतात. पण याच पैशांतून पुढच्या वर्षी लेकीची कॉलेजची फीही भरायची आहे, म्हणून मी लगेच हो म्हटलं नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. घरात चालू शिलाई मशीन असेल, तर दोन्ही कामांचं एकत्र मशीन घेऊ नका.

"एकात दोन" ऐकायला छान वाटतं. पण एम्ब्रॉयडरीची फ्रेम लावली की त्या मशीनवर शिलाई होत नाही. समजा डिझाइन १२,००० टाक्यांचं आहे आणि मशीन मिनिटाला ४०० टाके घालतं. म्हणजे नुसता अर्धा तास टाक्यांचाच. घरगुती मशीनला सुई एकच, त्यामुळे प्रत्येक रंगाला थांबून दोरा आपणच बदलायचा. दोन बाह्या आणि मागचा गळा म्हटलं की अर्धा दिवस गेला, आणि तेवढा वेळ गिऱ्हाइकाचं साधं ब्लाउज पडून राहणार. मशीन बिघडलं तर दोन्ही कामं एकदम बंद.

दुसरी गोष्ट फ्रेमची. स्वस्तातल्या बऱ्याच मशीनची फ्रेम १० × १० सेंटीमीटरची असते. सामायिकाचा बटवा, रुमालाचा कोपरा, झबल्यावरचं फूल यांना ती पुरते. ब्लाउजचा मागचा गळा तिच्यात मावत नाही. कापड काढून परत बसवावं लागतं आणि थोडं जरी सरकलं तरी नक्षी तुटते. धंदा करायचा असेल तर निदान १३ × १८ सेंटीमीटरची फ्रेम बघा. पुठिया-चंदरव्याचं मोठं जरीकाम मात्र घरच्या मशीनचं काम नव्हे, तो मोह सोडा.

तिसरी गोष्ट आपल्या गावाची. पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याची वीज कशी असते ते मी सांगायला नको. पायमशीन कंदिलाच्या उजेडातही चालतं, हे मशीन चालत नाही. वीज गेल्यावर ते थांबलेल्या टाक्यापासून पुढे सुरू होतं का, हे दुकानात बटण बंद करून बघाच. आणि दुरुस्ती? जव्हारहून नाशिक साधारण ८० किलोमीटर, तेही त्र्यंबकच्या वळणावळणाच्या रस्त्याने. कारागीर घरी येईल का, की मशीन आपणच न्यायचं, हे आधी विचारा.

दुकानदार स्टॅबिलायझर घ्या म्हणाला तर कुठला ते विचारा. एक विजेचा, दुसरा कापडाखाली लावायचा कागद. लागतात दोन्ही! त्या कागदाशिवाय कापड गोळा होतं, आणि तो दर कामाला नवा लागतो, म्हणून मजुरी ठरवताना धरायचा. डिझाइनच्या फायलीही सगळीकडे सारख्या नसतात. जानोमेला जेईएफ लागते, ब्रदरला पीईएस. डिझाइन विकत घेण्याआधी हे बघा, नाहीतर पैसे वाया.

दोऱ्याबद्दल आपल्याला वेगळं सांगायला नको. कोश जिवंत किड्यांसह उकळून काढलेलं रेशीम आपण कशाला वापरायचं? रेयॉन किंवा पॉलिस्टरचा ४० नंबरचा दोरा मशीनवर चांगला चालतो आणि चमकही देतो. अजून एक. मशीन हाती आलं की प्रत्येक वस्तूवर नवकार उमटवावासा वाटतो. कटासण्यावर तो नको, ज्यावर आपण बसतो त्यावर अक्षरं काढणं ही आशातनाच.

मग एकत्र मशीन कुणी घ्यावं? जिच्याकडे एकही मशीन नाही, घरात जागा कमी आहे आणि घरापुरतीच हौस आहे, तिने. जिचं शिलाई मशीन चालू आहे, तिने पुढे कधीतरी फक्त एम्ब्रॉयडरीचं वेगळं मशीन घ्यावं. एकावर फूल उमटत असताना दुसऱ्यावर हात चालू राहतो.

वन्संना मी म्हटलं, "पैसे दोन महिने बँकेत ठेवा. ऑर्डर घ्या, भरतकाम नाशिकच्या जॉबवाल्याकडून करून घ्या आणि वहीत लिहा : किती आल्या, किती उरले." थोड्या नाराज झाल्या. म्हणाल्या, "तुम्ही नेहमी थांबाच म्हणता." खरं आहे. पण कापडाखाली झाकून ठेवलेलं महाग मशीन हाही परिग्रहच, आणि त्यात लेकीची फी अडकली तर जास्तच टोचेल. दोन महिन्यांनी वहीने हो म्हटलं, तर मशीन बघायला मी स्वतः त्यांच्याबरोबर नाशिकला जाईन. आपलंच ब्लाउजचं कापड घेऊन जाऊ आणि दुकानात त्यावरच टाके घालायला लावू.

तुमच्यापैकी कुणाकडे असं मशीन असेल, तर वर्षभरात ते किती दिवस चाललं ते जरूर कळवा. वन्संना वाचून दाखवीन.

जय जिनेंद्र.