सही आधी की वाचन आधी?

ज्यास अक्षर ओळखता येते त्यास वाचता येते, असा समज आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांत पक्का बसला आहे. हा समज खोटा तर आहेच, पण घातकही आहे, हे आज स्पष्ट सांगणे आम्हांस भाग आहे.

सन १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे गावी, भर बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा रोख होता तो रोखे, खते व हिशेबाच्या वह्यांवर. हाती लागले ते कागद त्यांनी जाळले. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी आपल्याच हाताने निशाणी केली होती, पण आत काय लिहिले आहे हे ते सावकाराच्या तोंडूनच ऐकत. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचे खत सरकारने नेमलेल्या नोंदणीदारासमोर व्हावे, असे ठरले. लेखणी परक्या हाती होती. त्या पूर्वजांस आम्ही दोष देत नाही.

पण आज आम्हांस कोणती सबब आहे? दुसऱ्यास कशाला, आम्ही स्वतःचीच गोष्ट सांगतो. मुलांस वाचन शिकविण्यात आमची वीस वर्षे गेली. एका स्नेह्याच्या कर्जास आम्ही जामीन राहिलो. कागद बारीक अक्षरांचे. "नुसती सही करा, गुरुजी" असे म्हणताच आम्ही केली. स्नेह्याचे हप्ते थकले आणि वसुली आमच्या पगारातून सुरू झाली. कागद उघडून पाहिला, तर सर्व काही त्यात लिहिलेलेच होते! जामीनदाराची जबाबदारी, वेगळा करार नसल्यास, मूळ कर्जदाराइतकीच असते, हे १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ सांगते. आमच्या डोळ्यांनी अक्षरे पाहिली होती; वाचले काहीच नव्हते.

तेव्हा खरे वाचन कसे करावे? कागद सावकाश व मोठ्याने वाचावा. देणारा कोण, घेणारा कोण, किती, केव्हा, आणि न फेडल्यास काय, हे पाच प्रश्न त्यास विचारावेत. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी व त्याचा अर्थ कळेपर्यंत पुढे जाऊ नये. मग कागद मिटून मजकूर आपल्या शब्दांत घरच्यांस सांगावा; जेथे जीभ अडखळेल, तेथे आपणांस समजले नाही असे जाणावे. सातबाऱ्यात केवळ आपले नाव पाहून संतोष मानू नये. 'इतर अधिकार' या रकान्यात जमिनीवरील बोजा लिहिलेला असतो, तो पाहावा. वर्तमानपत्र वाचतानाही हे कोण म्हणतो, कशावरून म्हणतो व त्यात त्याचा लाभ काय, हे विचारावे. आमच्या या लेखासही हाच नियम लावावा.

ज्या घरी वडील माणसांस अक्षर येत नाही, तेथे मुलीने वाचावे व आजीने प्रश्न करावा. "अन् नाही भरलं तर?" हा आजीचा एक प्रश्न आमच्या साऱ्या शिक्षणाहून शहाणा ठरला असता.

पोथीची पाने न समजता उलटली, तर कोणी दंड करीत नाही. खताची उलटली, तर रान जाते. बंधुभगिनींनो, आजच रात्री घरातील एक कागद पेटीतून काढा आणि दिव्याखाली शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.